नोकरीची मुलाखत आणि तुमचं खासगी अकाउंट: या चुका टाळा

डिप्लोमा झालेला बीडकडचा एक मुलगा वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीत ट्रेनीच्या मुलाखतीला गेला होता. कागदपत्रं बघून झाल्यावर समोरचे साहेब म्हणाले, "इन्स्टा आहे ना? उघड आणि दे इकडं." पोरानं लॉक काढून मोबाईल टेबलावर ठेवला. साहेबांनी अंगठ्यानं रील्स सरकवल्या, मग थेट मेसेज उघडले. त्यात त्याच्या बहिणीच्या सोयरिकीचं बोलणं होतं. संध्याकाळी माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, "सर, मागितल्यावर द्यावाच लागतो ना?"

नाही, द्यावा लागत नाही. मोबाईल किंवा पासवर्ड हातात देणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण तुमच्याशी विश्वासानं बोललेल्या प्रत्येकाचं बोलणं तुम्ही परस्पर देऊन टाकता. अमेरिकेत २००९ साली मोंटाना राज्यातल्या बोझमन शहराच्या प्रशासनानं नोकरीच्या अर्जातच पासवर्ड मागितले होते. गदारोळ झाला आणि ते मागे घ्यावं लागलं. २०१२ मध्ये मेरीलँड राज्यानं तर अशा मागणीवर कायद्यानंच बंदी घातली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं आहे.

घरची ओढाताण असलेल्या पोराला "नाही म्हण" असं सांगणं सोपं नाही, हे मला कळतं. म्हणून वाक्य घरूनच पाठ करून जा: "सर, पासवर्ड दुसऱ्याला देणं फेसबुकच्या नियमातच बसत नाही. माझं लिंक्डइन बघा, वर्कशॉपमधल्या कामाचे फोटोही दाखवतो." ते फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवा, म्हणजे गॅलरी चाळत बसावं लागणार नाही.

अकाउंट प्रायव्हेट केलं म्हणजे सगळं झाकलं, हा दुसरा गैरसमज. डीपी, नाव आणि बायो तरीही कुणालाही दिसतात. गावातल्या भाऊंच्या वाढदिवसाच्या पोस्टखाली रागाच्या भरात लिहिलेली कॉमेंट दिसते, कारण ती पोस्ट त्यांची असते आणि सगळ्यांना खुली असते. ती शोधून काढून टाका. मुलाखतीच्या तोंडावर अनोळखी फॉलो रिक्वेस्ट आली तर घेऊ नका; घेतलीत की प्रायव्हेट असण्याला अर्थ उरत नाही. आदल्या रात्री घाबरून अख्खं अकाउंट उडवायचीही गरज नाही. फेसबुकवर जुन्या पब्लिक पोस्ट एकदम फक्त मित्रांपुरत्या करता येतात.

व्हॉट्सॲपचं तर कुणाच्या ध्यानातच येत नाही. बायोडाटावर जो नंबर लिहिता, त्याचाच डीपी एचआरला आधी दिसतो. जयंतीचा किंवा मोर्चातला फोटो लाज वाटून पुसू नका, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्यावरून तुमची जात, धर्म, पक्ष ओळखून कुणी आधीच मत बनवू शकतं. म्हणून प्रोफाइल फोटो "माय कॉन्टॅक्ट्स"वर ठेवा.

हे सगळं करून झालं की मित्राच्या मोबाईलवरून, लॉगिन न करता, स्वतःचं नाव शोधा. मराठीत एकदा, इंग्रजीत एकदा, मग गावाच्या नावासकट. त्या मुलाला असं शोधताना अकरावीत काढलेलं आणि विसरून गेलेलं एक जुनं अकाउंट सापडलं. ते सगळ्यांना खुलं होतं.