टेकन ८ मध्ये शाओयू कशी खेळावी

टेकन ८ हा दोघांच्या मारामारीचा व्हिडिओ गेम, आणि शाओयू त्यातलं एक पात्र. टीव्ही गेम मोडवर टाका, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळू नका, लॅन केबल जोडा. अख्खी मूव्हलिस्ट, म्हणजे सगळ्या फटक्यांची यादी, पाठ करायची गरज नाही. जॅब (झटपट सरळ ठोसा), जॅबने सुरू होणारी एक स्ट्रिंग (लागोपाठच्या फटक्यांची माळ), एक मिड (बसलेल्यालाही लागणारा मधला फटका), एक लो (पायाकडचा फटका), एक लॉन्चर (समोरच्याला हवेत उडवणारा फटका) आणि फिनिक्स एवढं पहिल्या महिन्याला भरपूर झालं. फिनिक्स म्हणजे प्लेस्टेशनवर खाली दाबून चौकोन-त्रिकोण एकत्र. शाओयू जमिनीलगत बसते आणि वरचे ठोसे डोक्यावरून जातात. लो मात्र सरळ लागतो, तेव्हा तिथं बसून राहू नका.

एवढं तासाभरात जमतं. पोरं अडकतात ती याच्या पुढं.

"फास्ट कॅरेक्टर हाय, बटणं सोडू नको भावा!" कोल्हापुरात राजारामपुरीपासून मंगळवार पेठेपर्यंत कुणाच्याही घरी खेळायला बसा, मागून हा सल्ला येणारच. तो साफ चुकीचा आहे. शाओयूचा जॅब १० फ्रेमचा, म्हणजे बटण दाबल्यावर १०व्या फ्रेमला लागणारा, आणि किंग या धिप्पाड पात्राचाही १०चाच. फ्रेम म्हणजे स्क्रीनवरचं एक चित्र. खेळ सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, म्हणजे दोघांचाही ठोसा सेकंदाच्या सहाव्या हिश्शात पोचतो. मग आधी कुणाचा लागणार? जो आधी मोकळा झाला त्याचा.

हिशेब नीट बघा. तुमचा जॅब समोरच्याने ब्लॉक केला तर तुम्ही +१, म्हणजे त्याच्या एक फ्रेम आधी मोकळे. वजा आकडा म्हणजे तितक्या फ्रेम उशिरा. दोघांनी लगेच जॅब मारला तर तुमचा १०व्या फ्रेमला, त्याचा ११व्याला, म्हणजे तुमचा लागतो. जॅब अंगावर बसला तर +८. मग तुमची १७ फ्रेमपर्यंतची कुठलीही मूव्ह त्याच्या जॅबच्या आधी पोचते. पण स्ट्रिंग शेवटपर्यंत रेटली, ती ब्लॉक झाली आणि तुम्ही -८ वर आलात, तर तुमचा पुढचा जॅब त्याच्या हिशेबाने १८व्या फ्रेमला येणार. तो १०व्याला मारून मोकळा. -१० झालात तर बटण न दाबताही त्याचा जॅब खावा लागतो, आणि -१५ ला बहुतेकांचा लॉन्चर बसतो. एकदा हवेत गेलात की पुढचा कॉम्बो, म्हणजे न सुटणारी फटक्यांची रांग, नुसता बघत बसायचा.

तालमीत पटाला, म्हणजे पाय धरायला, घुसलेला पैलवान पट हुकल्यावरही तसाच रेटत राहिला तर मान समोरच्याच्या काखेत देऊन बसतो. स्ट्रिंगचा शेवटचा फटका बहुतेक वेळा असाच असतो.

म्हणून सराव थांबण्याचा करा. प्रॅक्टिस मोडमध्ये फ्रेम डेटा चालू ठेवा. डमी, म्हणजे समोरचं सरावाचं पात्र, ब्लॉक करून लगेच जॅब मारेल असं सेटिंग करा. आता स्ट्रिंगचे पहिले दोनच फटके मारा, अंगठा बटणांवरून पूर्ण उचला आणि मागे दाबून जॅब ब्लॉक करा. अंगठा खरोखर उचला, नुसता सैल सोडू नका. बटणावर टेकलेला अंगठा तिसरा फटका मारतोच, आणि 'गेमनं आपोआप मारलं' ही तक्रार तिथूनच सुरू होते. सलग २० वेळा जमलं की डमीच्या जागी मित्राला बसवा. त्याला सांगा, कधी ब्लॉक कर, कधी फटका खा. बसला तर पुढं जा, अडला तर थांबा. हे डोळ्यांनी ओळखायला दिवस लागतात, घाई करू नका. फटका बसला की अडला हे ठरवायला वेळ फारच थोडा असतो, म्हणून आधी एकाच स्ट्रिंगवर घासा, दुसरी घेऊ नका.

तुम्ही थांबायला लागलात की समोरचा वैतागून स्वतः बटणं दाबतो. तेव्हा फिनिक्स काढा. तो जॅब मारायला गेला की हात डोक्यावरून जातो आणि खालून तुमची मूव्ह बसते. पण दर वेळी तेच केलंत तर तिसऱ्या राउंडला तो लो मारणार, हे धरून चाला. खाली बसणाऱ्यांना मिड मारा, जॅब मारला तर वरून जाईल.

रिप्ले बघताना कॉम्बो किती मोठा पडला ते सोडा. आपण कुठल्या स्ट्रिंगनंतर मार खाल्ला तेवढं वहीत लिहा. तीन-चार नावं पुन्हा पुन्हा येतील. त्यांचा शेवटचा फटका आठवडाभर मारायचाच नाही.