गव्हाणीतली वैरण चाळून बघा, सकाळी आणि संध्याकाळीही

मुरबाडला आमच्या अकरा संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी. दोन वर्षांपूर्वी दुधाचं फॅट चार टक्क्यांवरून सव्वातीनवर आलं आणि मी गोळीपेंडवाल्याशी, म्हणजे गोळ्यांचा खुराक विकणाऱ्याशी, भांडून आले. चूक त्याची नव्हती. घोळ आमच्याच कुट्टीत, म्हणजे कापलेल्या चाऱ्यात होता, आणि तो सापडला चाळणीने. "वैरण चाळायची? पीठ आहे का ते?" असं बाबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले होते.

ही चाळणी अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाची. एकावर एक तीन चाळण्या, भोकं १९, ८ आणि ४ मिलिमीटर, खाली बंद तळ. आम्ही कल्याणला पत्र्याची करून घेतली आणि फसलो: पातळ पत्र्यातून लांब काडी उभी होऊन सुळकन खाली जाते. वरच्या चाळणीचा तळ बोटभर जाडच हवा.

नमुना घ्यायचा तो वैरण टाकल्या टाकल्या, गायीचं तोंड लागायच्या आत. गव्हाणीत चार-पाच ठिकाणी हात तळापर्यंत घालून. वरवरची मूठ उचलली तर भरडा, म्हणजे जाडसर दळलेलं धान्य, खालीच राहतो. साधारण दीड लिटरच्या डब्यात मावेल एवढं पुरे. वाळवायचं नाही, जसं आहे तसं. चाळणी सपाट लादीवर ठेवून पुढेमागे पाच वेळा सरकवायची, वीतभर अंतर, सेकंदाला एकाहून थोडी जास्त. मग पाव वळसा, पुन्हा पाच. असं आठ वेळा, एकूण चाळीस. उचलून झटकायची नाही. आपला हात सूप पाखडायला सरावलेला, तो आवरावा लागतो.

मग प्रत्येक थर वेगळा तोलायचा. एकत्र कालवलेल्या वैरणीत सर्वात वर २ ते ८ टक्के, दुसऱ्या चाळणीत ३० ते ५०, तिसऱ्या चाळणीत १० ते २०, तळात ३० ते ४० असावं. आमच्या ४०० ग्रॅममध्ये वर ७२ ग्रॅम निघालं, म्हणजे १८ टक्के. सगळा भाताचा पेंढा! मी उलटंच धरून चालले होते की कुट्टी फार बारीक झाली, म्हणून रवंथ कमी आणि फॅट कमी.

खरा उलगडा संध्याकाळी झाला. गव्हाणीत उरलेली वैरण तशीच चाळली, तर वरच्या चाळणीत ४० टक्के. सकाळच्या आणि उरलेल्या वैरणीत पाचेक टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसला तर समजा, गाय निवडून खातेय. आमच्या गायी नाकाने पेंढा बाजूला सारून खालचा भरडा आणि गोळीपेंड वेचत होत्या. म्हणजे कागदावर चारा पुरेसा आणि पोटात नुसता खुराक. पोट आंबट होणार, फॅट उतरणार. नुसती सकाळची वैरण चाळून थांबले असते तर हे कळलंच नसतं.

उपाय साधे. कुट्टी मशीनची पाती बोथट होती, पेंढा कापण्याऐवजी पिंजत होती. पात्यांना धार लावली आणि काडी दोन-तीन सेंटीमीटरवर आणली. त्याहून बारीक केली नाही, रवंथाला काडी लागतेच. दुसरं, पेंढा कोरडा ठणठणीत. कालवताना त्यावर पाणी शिंपडलं की भरडा काडीला चिकटतो. मे महिन्यात मात्र पाणी घातलेली वैरण तासाभरात गरम व्हायला लागते, म्हणून आम्ही दोनदा थोडी थोडी कालवतो. मुरघासाच्या (हवाबंद आंबवलेल्या चाऱ्याच्या) गाठी माळशेज घाटावरून येतात, त्यांतला प्रत्येक नवा लॉट आला की पुन्हा चाळते.

चाळणी नसेल त्या दिवशी दुपारी गोठ्यात उभं राहून बसलेल्या गायी मोजा. निम्म्या तरी रवंथ करताना दिसल्या पाहिजेत. बाबा हे चाळणीशिवाय कधीपासून करतात, फक्त आकडा सांगत नाहीत.