फॅटच्या प्रश्नावर एम.व्ही.एस्सी. करायचंय?

दुधाच्या पट्ट्यात काम केलेल्या पशुवैद्यकाला हा प्रश्न चुकत नाही: "डॉक्टर, फॅट लागत नाही, कुठली पावडर देऊ?" एम.व्ही.एस्सी.ला, म्हणजे पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर पदवीला, ॲनिमल न्यूट्रिशन (पशुपोषण) घेणारी बरीच मुलं याच प्रश्नाच्या मागे येतात आणि सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) तांबं, जस्त, कोबाल्ट, क्रोमियम, सेलेनियम अशी सगळी वरात काढतात. माझं मत, एकच खनिज घ्या. त्याचं काम रुमेनमध्ये (जनावराच्या पोटातल्या मोठ्या, चारा आंबवणाऱ्या कप्प्यात) चालतं, यकृतात की चरबीच्या पेशीत, हे आधी ठरवा.

दुधातली फॅट आणि अंगावरची चरबी हे दोन वेगळे विषय आहेत, हेही सुरुवातीलाच पक्कं करा. गाईच्या दुधातली साधारण निम्मी चरबी कासेतच बनते, मुख्यतः ॲसिटेटपासून (रुमेनमध्ये बनणारं एक छोटं मेदाम्ल); आणि ॲसिटेट येतं तंतुमय चाऱ्यातून. कडबा कमी आणि खुराक भरमसाट असेल तर कुठलंही खनिज मिश्रण ती उणीव भरून काढत नाही.

खनिजांचा खरा खेळ यकृतात दिसतो. माझं आवडतं उदाहरण कोबाल्टचं. तो प्रत्यक्षात लागतो रुमेनमधल्या जिवाणूंना. त्यापासून ते बी-१२ जीवनसत्त्व तयार करतात. रवंथ करणाऱ्या जनावराचं बरंचसं ग्लुकोज प्रोपिओनेटपासून (रुमेनमध्येच बनणारं दुसरं छोटं मेदाम्ल) बनतं आणि त्या वाटेवरच्या एका विकराला (एन्झाइमला) बी-१२ लागतं. ते कमी पडलं की मिथाइलमॅलोनेट हा त्याच वाटेवरचा मधला पदार्थ साचतो, जनावर खाणं सोडतं, अंगची चरबी मोडून यकृतात येऊ लागते. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांमधला 'व्हाइट लिव्हर' हा आजार तो हाच. त्या मेंढ्यांच्या चरबीत फांद्या असलेली, विषम कार्बनसंख्येची मेदाम्लंही वाढतात. म्हणजे नुसती चरबी किती हे मोजून गोष्ट अर्धीच कळते. सॉक्सलेटवर (द्रावकानं चरबी काढायच्या उपकरणावर) एकूण चरबी मिळेल, पण मेदाम्लांसाठी गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे ती एकेक वेगळी करून मोजायची पद्धत, हवीच.

तांब्याचा विषय जास्त गुंतागुंतीचा. अमेरिकेत २००० च्या सुमारास एंगल आणि स्पीअर्स यांनी मांसासाठी वाढवलेल्या बैलांना जादा तांबं दिलं, तेव्हा पाठीवरची चरबी आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल घटलेलं दिसलं. हे वाचून लगेच मेंढ्यांवर प्रयोग लिहू नका. मेंढीला तांब्याची विषबाधा फार लवकर होते. शिवाय चाऱ्या-पाण्यात मॉलिब्डेनम आणि गंधक जास्त असेल तर रुमेनमध्ये थायोमॉलिब्डेट (या दोघांचं संयुग) तयार होऊन तांबं अडकून पडतं. म्हणून पिशवीवरचा आकडा बाजूला ठेवा. चारा, खुराक आणि पाणी तिन्हींची तपासणी करून मगच डोस ठरवा. मुळात कमतरता नसलेल्या जनावरांत फरक दिसला नाही तर त्यात नवल नाही, पण प्रबंधात ते पटवून देणं जड जातं.

रक्तातल्या तांब्यावरही फार विसंबू नका. अंगात कुठे दाह असला की सेरुलोप्लाझमिन, म्हणजे रक्तात तांबं वाहणारं प्रथिन, वाढतं आणि तांबं पुरेसं असल्याचा भास होतो. साठा यकृतात असतो, त्यामुळे यकृताचा नमुना शक्य असेल तर तो घ्या. जस्ताचं दुखणं वेगळं: रबरी बूच, गॅल्व्हनाइज्ड गव्हाण, फुटलेल्या रक्तपेशींचा सीरम, कुठूनही जस्त नमुन्यात शिरतं. काचसामान आम्लात भिजवून डिआयोनाइज्ड पाण्यानं धुणं कंटाळवाणं आहे, पण ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनवर (खनिजं मोजायच्या यंत्रावर) बसायच्या आधी त्याला पर्याय नाही.

कामाचा क्रम म्हणाल तर प्राणी-नीती समितीची परवानगी सर्वांत आधी. ती हातात पडेपर्यंत जैवरसायनशास्त्र पुन्हा वाचा, विशेषतः बीटा-ऑक्सिडेशन (मेदाम्लं मोडण्याची क्रिया) आणि ग्लुकोनिओजेनेसिस (नवं ग्लुकोज बनण्याची क्रिया). व्यालेल्या गाईंवर काम असेल तर नेफा (चरबी मोडून रक्तात आलेली मेदाम्लं) आणि बीएचबी (बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट, एक किटोन) ही दोन मापं लागतीलच. बीएचबी लिटरला १.२ मिलिमोलच्या वर गेलं की सुप्त किटोसिस (रक्तात किटोन वाढलेले, पण बाहेरून लक्षणं नाहीत) धरतात. या तपासण्यांचे किट महाग असतात आणि मुदत संपते, म्हणून गाई विण्याच्या तारखा हातात आल्यावरच ऑर्डर द्या.