आधी हेल्मेट, मग हेडसेट : खरेदीपूर्वीची तयारी

हेल्मेटमध्ये बसवायचा ब्लूटूथ हेडसेट बेताच्या खर्चात घ्यायचा असेल, तर तयारीची सुरुवात हेडसेटच्या जाहिरातींपासून न करता आपल्याकडच्या हेल्मेटपासून करावी. स्वस्त आणि महाग संचांत फरक असतोच. पण धावत्या गाडीवर आवाज नीट ऐकू येतो की नाही हे ज्यांवर ठरते, त्यांतल्या बऱ्याच गोष्टी हेल्मेटच्या आतच असतात. कानाजवळची खोबण किती खोल आहे, अस्तर किती जाड आहे, वारा हनुवटीखालून किती शिरतो, हे ठाऊक नसताना घेतलेला चांगला संचही सुमार वाटतो.

म्हणून पहिले काम असे, की हेल्मेट उलटे धरून त्याचे गालाचे पॅड आणि अस्तर काढून पाहावे. ते बटणांवर बसवलेले असेल तर तारा त्याखालून नेता येतात. चिकटवलेले असेल तर तारा उघड्या राहतात आणि हेल्मेट घालता-काढताना ओढल्या जातात. पॅड निघाल्यावर कानाजवळ स्पीकरसाठी गोल खोबण आहे का, हे पट्टीने मोजावे. बाजारातले बहुतेक स्पीकर सुमारे 40 मिलिमीटर व्यासाचे असतात, त्यामुळे व्यासाची अडचण क्वचित येते. अडचण येते ती जाडीची. जाहिरातीत जाडी दिलेली नसेल तर विक्रेत्याला विचारावी. खोबण उथळ आहे म्हणून आतला थर्माकोलसारखा थर कोरून जागा करण्याचा सल्ला अधूनमधून दिला जातो, तो अजिबात मानू नये. आघाताच्या वेळी तो थर स्वतः चिरडला जाऊन धक्का शोषतो, आणि जिथे तो पातळ केला तिथे डोक्याचे संरक्षणही तेवढेच कमी होते. खोबण नसेल तर पातळ स्पीकरचा संच शोधावा, नाहीतर हेल्मेट बदलेपर्यंत थांबावे.

हेडसेटचे मुख्य यंत्र, म्हणजे बटणे आणि बॅटरी असलेला भाग, बाहेर कुठे बसेल, हेही याच वेळी पाहून घ्यावे. क्लॅम्पची, म्हणजे यंत्र धरून ठेवणाऱ्या चिमट्याची, पट्टी कवच आणि थर्माकोल यांच्यामधल्या फटीत सरकवायची असते. काही हेल्मेटांच्या कडेला रबरी पट्टी पक्की चिकटवलेली असते आणि तिथे क्लॅम्प शिरत नाही. अशा वेळी दुहेरी टेपने चिकटणारी बैठक लागते, आणि ती संचासोबत येते का, हे आधी तपासावे लागते. टेप लावण्यापूर्वी कवच सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून कोरडे करावे. पेट्रोल किंवा थिनरने पुसू नये, कारण पॉलिकार्बोनेटचे कवच अशा द्रावकांनी कमकुवत होऊ शकते. हेल्मेटसोबत आलेल्या पुस्तिकेत बाहेरून लावायच्या उपकरणांबद्दल काय म्हटले आहे, आणि गाडी चालवताना दोन्ही कानांत आवाज देणारे साधन वापरण्याबद्दल आपल्याकडचा वाहतुकीचा नियम काय सांगतो, या दोन गोष्टीही खरेदीआधीच वाचून ठेवाव्यात.

यानंतरचा मुद्दा स्पीकरच्या जागेचा, आणि माझ्या मते सगळ्या यादीत तोच सर्वात दुर्लक्षित राहतो. माझा पहिला संच मी कित्येक आठवडे नुसता नावे ठेवत वापरला. आवाज पूर्ण वाढवूनही फोनवरच्या नकाशाची सूचना तुटक ऐकू येई आणि तासाभरात डाव्या कानाची पाळी ठणकू लागे. एके दिवशी अस्तर धुण्यासाठी पॅड काढले, तेव्हा डावा स्पीकर कानाच्या छिद्रापासून जवळजवळ एक सेंटीमीटर मागे चिकटवलेला दिसला. तो पुढे घेतला, मागे वेल्क्रोचा एक जादा थर देऊन कानाच्या थोडा जवळ आणला, आणि त्याच संचाचा आवाज दोन पायऱ्या कमी करावा लागला. जागा शोधण्याची सोपी रीत अशी, की हेल्मेट घालून, पट्टा बांधून, गालाच्या बाजूने बोट आत सरकवावे, कानाचे छिद्र कुठे येते ते चाचपावे आणि तिथे कागदी टेपचा तुकडा लावावा. उजव्या आणि डाव्या बाजूची जागा सारखीच येईल असे मात्र गृहीत धरू नये. स्पीकर कानाच्या जवळ हवा, पण पाळीवर टेकता कामा नये. बसवल्यावर निदान अर्धा तास घरातच हेल्मेट घालून बसावे, कारण पाळी दुखते की नाही हे पाच मिनिटांत समजत नाही.

आवाज किती मोठा हवा, याचा विचार वाऱ्याच्या आवाजासह करावा. अमेरिकेतील नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या शिफारशीनुसार कामाच्या ठिकाणी 85 डेसिबल आवाज दिवसाला 8 तासांपर्यंत चालतो, आणि पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला ती जेमतेम 15 मिनिटे उरते. महामार्गाच्या वेगाला हेल्मेटमध्ये नुसता वाराच 85 ची पातळी सहज ओलांडतो, आणि त्याच्यावर मात करण्यासाठी संगीत वाढवत नेणे म्हणजे कानावर दुहेरी भार टाकणे होय. ऐकायला उलटे वाटेल, पण लांबच्या प्रवासात मऊ इअरप्लग घालून हेडसेट ऐकल्यास बोलणे बहुधा अधिक स्पष्ट कळते, कारण वारा आणि स्पीकर दोन्ही दबले तरी वाऱ्याचा गोंगाट कानाला भरून टाकत नाही. त्यासाठी स्पीकरमध्ये मूळचा थोडा जादा जोर असावा लागतो, आणि स्वस्त संचांमधून निवड करताना हा निकष धरण्यासारखा आहे.

इथेच एक नेहमीची दिशाभूल सांगून ठेवतो. खोक्यावर ठळक छापलेले ‘नॉइज कॅन्सलेशन’ हे शब्द बहुतेक स्वस्त संचांमध्ये माइकबद्दल असतात: तुमचे बोलणे पलीकडच्याला वाऱ्याविना ऐकू जावे, एवढाच त्यांचा अर्थ. तुमच्या कानावर आदळणारा वारा त्याने तसूभरही कमी होत नाही. माइकचा प्रकार मात्र हेल्मेटप्रमाणे निवडावा. फुल फेस हेल्मेटला हनुवटीच्या आत चिकटणारा छोटा तारेचा माइक, आणि उघड्या किंवा वर उचलल्या जाणाऱ्या हनुवटीच्या हेल्मेटला दांडीचा माइक. दोन्ही खोक्यात असतील तर उत्तम, आणि माइकवरची फोमची टोपी जादा असेल तर अधिक चांगले, कारण ती हरवते.

पैसे खरे वाया जातात ते इंटरकॉममध्ये, म्हणजे एका हेल्मेटमधून दुसऱ्या हेल्मेटमधल्या माणसाशी थेट बोलण्याच्या सोयीत. एकट्याने गाडी चालवून नकाशाच्या सूचना, फोन आणि थोडे संगीत एवढेच हवे असेल, तर इंटरकॉम नसलेला साधा संच पुरतो. मागे बसणाऱ्याशी बोलायचे असेल तर दोन यंत्रांचा जोडसंच घ्यावा. समूहात फिरणाऱ्यांनी आधी बाकीच्यांकडे कोणते यंत्र आहे हे विचारावे, कारण वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी जोडण्याची जी सोय असते, तिच्यात अनेकदा एक यंत्र दुसऱ्याला फोन असल्याचे भासवते, आणि मग खरा फोन जोडण्यावर मर्यादा येऊ शकते. साध्या ब्लूटूथ इंटरकॉममध्ये गाड्या साखळीने जोडल्या जातात आणि मधला एक जण मागे पडला की साखळी तुटते. मेश पद्धतीत जोडणी स्वतःहून दुसरी वाट शोधते, पण ती बहुधा महाग असते. पल्ल्याचे छापील आकडे मोकळ्या मैदानातले, समोरासमोरचे असतात. वळणे, डोंगर, ट्रक आणि खुद्द चालकाचे शरीरही ब्लूटूथच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी अडवतात, म्हणून छापील पल्ल्याच्या निम्म्याच्या आतला हिशेब धरावा. ब्लूटूथच्या आवृत्तीच्या आकड्यालाही फार भुलू नये. 5.0 ही आवृत्ती 2016 मध्ये आली, तिने जोडणी सुधारली, पण फोनवरचे बोलणे अजूनही संगीतापेक्षा वेगळ्या आणि कमी दर्जाच्या मार्गाने, एकाच वाहिनीत येते. म्हणून बोलण्याचा आवाज संगीताइतका भरीव नसणे हा दोष समजू नये.

पाणी आणि धूळ यांबाबत खोक्यावरचा आयपी आकडा वाचायला शिकावे. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपीएक्स 4 म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसतो, आणि एक्सचा अर्थ धुळीची चाचणी नोंदलेली नाही, इतकाच. आयपी 67 म्हणजे धूळ आत जात नाही आणि 1 मीटर पाण्यात 30 मिनिटे टिकतो. हा आकडा चार्जिंगच्या तोंडावरची रबरी झडप नीट बंद असेल तरच खरा, आणि स्वस्त संचात पहिल्यांदा सैल होते ती ही झडपच, म्हणून खरेदीच्या वेळी ती चार-पाचदा उघडून-मिटून पाहावी.

बॅटरीचे छापील तास मध्यम आवाजाचे असतात आणि थंडीत ते आणखी घटतात. चार्ज होत असताना यंत्र चालू राहते का, हे विचारावे; काही यंत्रे केबल लावताच बंद होतात, आणि लांबच्या प्रवासात ते नडते. हेडसेट उन्हात तापलेल्या हेल्मेटसह ठेवू नये, आणि महिनोन्महिने वापरायचा नसेल तर निम्मा चार्ज करून सावलीत ठेवावा.

बटणांची परीक्षा हातमोजे घालून आणि डोळे मिटून घ्यावी. आवाज वाढवण्याचे आणि फोन घेण्याचे बटण नुसत्या स्पर्शाने वेगळे ओळखू आले पाहिजे. स्पीकर, माइक आणि क्लॅम्प सुटे मिळतात का, हेही विचारावे. तार तुटली की सबंध संच फेकावा लागला तर तो स्वस्त कसला?

शेवटी परतीची मुदत किती दिवसांची आहे ते लिहून ठेवावे आणि यंत्र त्या मुदतीतच तपासावे. पहिल्या दिवशी टेपची बैठक न चिकटवता क्लॅम्प वापरावा, कारण टेप एकदाच नीट चिकटतो आणि चिकटवलेले यंत्र विक्रेते सहजी परत घेत नाहीत. आधी उभ्या गाडीवर, मग ताशी 40 किलोमीटरला आणि मग सुरक्षित मोकळ्या रस्त्यावर 80 ला एखाद्या ओळखीच्या माणसाशी बोलून पाहावे, आणि माझा आवाज कसा येतो, हे त्याला विचारावे. फोन खिशात कोणत्या बाजूला असताना आवाज तुटतो, हेही त्याच फेरीत कळते.