ईसीयूची चिप हलवली, गाडीनं किल्ली ओळखली
मालवणच्या पावसात माझ्या गाडीच्या ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, पाणी शिरलं. उघडला तर बोर्डावर हिरवट गंज. त्याच पार्ट नंबरचा दुसरा, वापरलेला ईसीयू मिळाला, पण इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) किल्ली ओळखेना. माझ्या गाडीत किल्लीची माहिती ८ पायांच्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी माहिती जपणाऱ्या चिपमध्ये होती, म्हणून ती चिपच दुसऱ्या ईसीयूच्या बोर्डावर न्यायची ठरवली.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, मगच कनेक्टर. मनगटाला अर्थिंगचा पट्टा. हवा दमट असली तरी तो टाळू नका, स्थिर वीज चिप मारते.

चिपवरचा ठिपका कुठल्या कोपऱ्यात आहे, त्याचा फोटो काढून ठेवला. उलटी बसवून सप्लाय दिला तर चिप जळू शकते. आजूबाजूला उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप, पायांवर फ्लक्स (कथील नीट वितळायला मदत करणारं रसायन), मग गरम हवेचं हॉट एअर यंत्र ३५० अंश सेल्सिअसवर. कथील पूर्ण वितळेपर्यंत थांबायचं. मला इथेच सर्वात धाकधूक होती, कारण चिमट्यानं ओढलं की खालची तांब्याची पट्टी उखडते आणि ती जोडणं फार किचकट.

प्रोग्रामरवर, म्हणजे चिपमधली माहिती वाचणाऱ्या यंत्रावर, चिप दोनदा वाचली. दोन्ही फाइली जुळल्यावरच ती बसवली, फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला, झाकणाला नवं सीलंट लावलं.

किल्ली फिरवली. इमोबिलायझरचा दिवा विझला, इंजिन लगेच सुरू झालं.