विज्ञान प्रदर्शनाचा फलक करताना या चुका टाळा

प्रयोग नीट झालेला असतो, नोंदींनी वही भरलेली असते, आणि तरी फलकासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला मुलांनी नेमकं काय केलं ते कळत नाही. परीक्षक म्हणून फिरताना आणि मुलांबरोबर फलक लावताना हे इतक्यांदा पाहिलंय की आता बोलल्यावाचून राहवत नाही. फलक हा तुमच्या कामाचा पुरावा असतो. तो पुरावा झाकणारी कुठलीही गोष्ट, मग ती दिसायला कितीही सुंदर असो, फलकावर नको.

आलेखाचा अक्ष मधूनच सुरू करणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण ती खरं काम करणाऱ्या मुलांना खोटं ठरवते.

तीन मुलांच्या एका गटाने गरम पाणी कशात जास्त वेळ गरम राहतं ते तपासलं होतं. एकसारखे तीन डबे घेतले. एकाला कापूस गुंडाळला, दुसऱ्याला थर्माकोल, तिसऱ्याला वर्तमानपत्राचे थर. अर्ध्या तासात तापमान किती उतरतं ते मोजलं. सरासरी आली ती अशी: कापूस 21 अंश सेल्सिअस, थर्माकोल 22, कागद 23. मग संगणकावर स्तंभालेख काढला. आकडे एकमेकांच्या जवळ असले की स्प्रेडशीट बऱ्याचदा उभा अक्ष आपोआप शून्याऐवजी पुढूनच सुरू करते, तसं इथे झालं. अक्ष 20 पासून सुरू झाला. कापसाचा स्तंभ एक घर उंच आणि कागदाचा तीन घरं! बघणाऱ्याला वाटावं, कागदातून तिप्पट उष्णता निसटली. प्रत्यक्षात फरक दहा टक्क्यांच्या आतला होता. आणि वर भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘कापूस सर्वोत्तम’.

माझ्याबरोबरच्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, “तापमापकाचं लघुतम माप किती?” एक अंश, म्हणजे त्याहून बारीक फरक त्यावर वाचता येत नव्हता. “प्रत्येक डब्याच्या चाचण्या किती घेतल्या?” पाच. मुलांनी वही उघडली. कापसाच्या नोंदी 19 ते 23 अंशांमध्ये पसरलेल्या, कागदाच्या 21 ते 25 मध्ये. म्हणजे दोन्ही एकमेकांत मिसळलेल्या. त्या नोंदींवरून कापूस जिंकला असं ठामपणे म्हणताच येत नव्हतं. पुढे कळलं की डब्यांना झाकणं नव्हती. उघड्या पृष्ठभागावरून बाष्पीभवनामुळे बरीच उष्णता वरच्या वरच जात होती, मग बाजूला काय गुंडाळलंय याचा फरक दिसणार कसा? हे मुलांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले, पण तोवर वेळ संपली होती. पाचही नोंदी आधीच आलेखावर ठिपक्यांनी मांडल्या असत्या, तर हा प्रश्न त्यांना घरीच पडला असता आणि झाकणं लावून प्रयोग पुन्हा करता आला असता.

म्हणून स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासूनच घ्या. सरासरीच्या जोडीला प्रत्येक नोंदीचा ठिपका दाखवा. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी पहिला आलेख आलेखकागदावर हाताने काढायला लावतो. त्यांना ते कंटाळवाणं वाटतं, पण हाताने प्रमाण ठरवताना अक्षाकडे लक्ष जातंच. ‘या साधनांनी फरक ठरवता आला नाही’ हा पूर्ण निष्कर्ष आहे. तो लिहायला कचरू नका.

आलेखाच्याच आणखी काही गोष्टी. जे तुम्ही बदललं ते आडव्या अक्षावर, जे मोजलं ते उभ्या अक्षावर, आणि दोन्हीकडे एकक. कापूस, थर्माकोल, कागद असे वेगवेगळे प्रकार रेषेने जोडू नका, कारण त्यांच्या मधे काहीच नसतं. तापमापक एक अंशाचा असताना सरासरी 21.3333 लिहू नका. लाल आणि हिरवा या रंगांतला फरक अनेकांना दिसत नाही, तेव्हा दोन रेषांना फक्त हे दोन रंग देण्यापेक्षा एक रेष तुटक काढा.

अक्षरं बारीक, मजकूर उसना

विषयाची व्याख्या, इतिहास, फायदे-तोटे असं सगळं इंटरनेटवरून उतरवून फलकाचा अर्धा भाग भरलेला असतो आणि मुलांची स्वतःची निरीक्षणं खालच्या कोपऱ्यात वहीच्या कागदावर. उलटं करा. मधल्या, डोळ्यांच्या उंचीच्या भागात तुमच्या नोंदी आणि आलेख. पार्श्वभूमी चार ओळींत.

आकाराबद्दल माझी सवय अशी: छापलेला एक कागद भिंतीला लावायचा, पाच पावलं मागे जायचं आणि वाचायचं. डोळे बारीक करावे लागले तर अक्षरं लहान आहेत. मजकूर 24 पॉइंटच्या खाली नेऊ नका, शीर्षकं त्याच्या दुप्पट. देवनागरीत वरच्या-खालच्या मात्रांना जागा लागते, त्यामुळे तेवढ्याच पॉइंटचं अक्षर लहान भासतं. ओळींमधलं अंतर थोडं सैल ठेवा, नाहीतर वरचा उकार खालच्या रफारावर चढतो.

आदल्या रात्री छपाई

ही माझी दुसरी ठसठस.

वनस्पतींवर वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशाचा परिणाम पाहणारा एक गट होता. लाल, निळ्या आणि हिरव्या पारदर्शक कागदाखाली रोपं वाढवली, पानं उकळत्या अल्कोहोलमधून काढून आयोडीनने स्टार्च तपासला, आणि अल्कोहोल पेटतं म्हणून ते थेट ज्योतीवर न ठेवता गरम पाण्यात ठेवून तापवण्याची काळजीही घेतली. काम नीटनेटकं. फलकाचा मजकूर घरच्या संगणकावर सुंदर दिसत होता. आदल्या संध्याकाळी फाइल छपाईला दिली, कोणी उघडून पाहिली नाही, आणि रात्री गुंडाळी हातात आली.

उघडली तर प्रत्येक जोडाक्षर फुटलेलं. ‘प्रकाशसंश्लेषण’ या शब्दात पाय मोडलेली अक्षरं सुटी सुटी, ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या पुढे जाऊन बसलेल्या. छपाईवाल्याच्या सॉफ्टवेअरला देवनागरी अक्षरं जोडताच येत नव्हती. मुलांनी सकाळी मार्करने शीर्षकं दुरुस्त करायला घेतली. शाई चकचकीत कागदावर पसरली. बोलण्याचा सराव करायचा तो वेळ त्यात गेला. परीक्षक आले तेव्हा मुलं इतकी खचली होती की हिरव्या प्रकाशातल्या पानाबद्दलचं आपलं सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण सांगायचंच राहिलं.

उपाय अवघड नाही. टंकन युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर तेच अक्षर ओळखलं जाईल अशा सर्वमान्य सांकेतिक पद्धतीत करा. जुन्या पद्धतीचा फाँट असेल तर तो दुसऱ्या संगणकावर नसला की अख्खं मराठी रोमन अक्षरांच्या गिचमिडीत बदलतं. छपाईला द्यायची ती फाँट आत बसवलेली पीडीएफ, आणि ती आधी मोबाइलवर आणि दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकावर उघडून बघायची. मोठी छपाई करण्याआधी एक साधं पान छापून जोडाक्षरं, रफार, वेलांट्या बोट ठेवून वाचायच्या. आणि हे सगळं प्रदर्शनाच्या किमान तीन दिवस आधी. ‘शेवटच्या रात्री होऊन जाईल’ म्हणणाऱ्या मुलांना मी स्पष्ट सांगतो की तेवढा वेळ नसेल तर हाताने लिहा. सरळ ओळीत, काळ्या शाईने, स्वच्छ लिहिलेला फलक मला फुटक्या अक्षरांच्या महागड्या छपाईपेक्षा केव्हाही जास्त आवडतो. अर्थात स्पर्धेच्या नियमांत छपाई सक्तीची नाही ना, ते बघून.

फोटो

मेसेजिंग अ‍ॅपवरून फोटो पाठवले की ते आकसतात आणि मोठ्या छपाईत चौकोन चौकोन दिसतात. मूळ फोटो फाइल म्हणून पाठवा. अंदाजासाठी सांगतो: 20 सेंटिमीटर रुंद फोटो 150 डीपीआयने (म्हणजे इंचाला 150 ठिपके) छापायचा तर रुंदीत सुमारे 1,200 पिक्सेल हवेत. प्रयोगाच्या फोटोत मापपट्टी दिसू द्या. फोटो कोणी काढला तेही खाली लिहा. आणि प्रयोग संपल्यावर फोटोसाठी पुन्हा मांडणी करण्यापेक्षा पहिल्या दिवसापासून फोटो काढत चला.

प्रयोगवही ‘फेअर’ करणं

कृपा करून हे थांबवा. पालकांनाही सांगतो. खाडाखोड असलेली, पाण्याचे डाग पडलेली, तारखा टाकलेली मूळ वहीच टेबलावर हवी. सुवाच्य अक्षरात एकाच पेनाने उतरवलेली वही बघितली की परीक्षकाला पहिला संशय येतो तो नोंदींवरच. चुकलेली नोंद खोडताना एकच आडवी रेघ मारा, मूळ आकडा वाचता यायला हवा आणि बाजूला कारण.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

पातळ डिंकाने कागदाला सुरकुत्या पडतात, दुहेरी चिकटपट्टी वापरा. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याची तिरीप पडून मधला भाग वाचता येत नाही. रंगीत पार्श्वभूमी एकच आणि फिकी. चमकी, झालर, लुकलुकणारे दिवे नकोत. फलक टेबलावर स्वतःच्या पायावर उभा राहतो का, ते घरी पंखा लावून तपासा. चालतं मॉडेल असेल तर ते बंद पडेल असं धरूनच चालताना काढलेला छोटा व्हिडिओ जवळ ठेवा. लॅपटॉप चार्ज करून न्या, बोर्डाचा प्लग शोधत फिरू नका. कात्री, चिकटपट्टी, मार्कर, जादा सेल आणि आलेखांची एक जादा प्रत पिशवीत असावीच.

नियम न वाचता मांडणी

कुंडी, मातीचे नमुने, रसायनांच्या बाटल्या घेऊन मुलं येतात आणि दारातच अडतात. आयसेफ या 1950 मध्ये सुरू झालेल्या, शाळकरी मुलांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय विज्ञान-अभियांत्रिकी स्पर्धेत सजीव, वनस्पतीसुद्धा, माती, वाळू, कुठलंही रसायन, इतकंच काय साधं पाणीही मांडता येत नाही. तिथे रुंदीची मर्यादा 122 सेंटिमीटर आणि खोलीची 76. तुमच्या प्रदर्शनाचे नियम वेगळे असतील, पण ते फलक कापण्याआधी वाचायचे. खऱ्या वस्तूच्या जागी मोठा, स्वच्छ फोटो बहुतेक वेळा पुरतो.

पाठ केलेलं भाषण

“आदरणीय परीक्षक महोदय” अशी सुरुवात झाली की पुढची काही मिनिटं कुणालाच मधे बोलता येत नाही, आणि बोललं तर मूल पुन्हा पहिल्या वाक्यावर जातं. पाठांतर करू नका. चार गोष्टी क्रमाने लक्षात ठेवा: प्रश्न काय पडला, काय बदललं आणि काय मोजलं, काय दिसलं, अजून काय कळलं नाही. त्या सांगताना बोट फलकावरच्या आलेखावर असू दे. गटात असाल तर प्रत्येकाला सगळ्या भागाचं उत्तर देता आलं पाहिजे. ‘तो भाग तिने केलाय’ हे उत्तर नाही.

सराव घरातल्या अशा माणसासमोर करा ज्याला विषयाची काही माहिती नाही. त्याला आधीच सांगून ठेवा की प्रत्येक दोन वाक्यांनंतर अडवायचं आणि ‘हे तुला कसं कळलं?’ असं विचारायचं. उत्तर देताना हात दर वेळी फलकावरच्या एखाद्या नोंदीकडे गेला पाहिजे. ज्या प्रश्नाला तो हवेतच राहतो, तिथे फलकावर काय लावायचं राहिलंय ते लगेच लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी लावा.