बॅनरलॉर्ड: मोठ्या लढाईत आधी टेकडी गाठा

‘माउंट अँड ब्लेड २: बॅनरलॉर्ड’ या मध्ययुगीन लढायांच्या व्हिडिओ गेममध्ये मोठी लढाई सुरू झाली की लगेच घोड्याला टाच मारू नका. आधी टेकडी गाठा. पायदळ उतारावर ढालींच्या भिंतीत उभं करा (कीबोर्डवर एफ २ दोनदा), तिरंदाज त्यांच्यामागे, जरा उंचावर. चढ चढताना शत्रूची फळी विस्कटते आणि बाण मोकळेपणाने बसतात. तो अगदी भिडला की भिंत सोडून साधी रांग करा (एफ २, मग एफ १). ढालीला ढाल लावून उभ्या माणसांना तलवार फिरवायला जागाच नसते! हे फार जण विसरतात. घोडदळ तोवर बाजूला राखून ठेवा, मग पाठीमागून घाला. स्वतः मात्र गर्दीत एकटे शिरू नका. तुम्ही पडलात की हुकूम देता येत नाहीत.